लाल चौकोन, काळा चौकोन

अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या गेलेल्या गोधड्यांच्या नक्षींत ‘लॉग केबिन’ ही फार परिचित नक्षी. लॉग केबिन म्हणजे ओंडक्यांची झोपडी. मधोमध एक लहान चौकोन आणि ओंडक्यावर ओंडका रचावा तशा त्याच्याभोवती कापडाच्या अरुंद पट्ट्या, असे तिचे रूप. या नक्षीविषयी गेली काही दशके एक गोष्ट सांगितली जाते. मधला चौकोन एरवी लाल असतो, ती घरातली पेटती चूल. तो काळा असेल आणि अशी गोधडी दाराबाहेर दोरीवर घातलेली दिसली, तर पळून आलेल्या गुलामाने ओळखावे की या घरात आसरा मिळेल. गोष्ट मनाला भिडणारी आहे. ती खरी आहे का, हे ठरवायचे तर आधी ही गोधडी शिवतात कशी, ते पाहायला हवे.

जुन्या काळच्या पद्धतीत आधी अस्तराच्या जुन्या कापडाचा चौकोन कापत. त्याच्या बरोबर मध्यावर लहान चौकोन ठेवून टाचत. मग पहिली पट्टी या चौकोनावर उलटी, सुलट बाजू आत करून, कडेला कड लावून ठेवायची, पाव इंच माया सोडून टीप मारायची आणि पट्टी बाहेरच्या बाजूला उलटवून बोटाने दाबायची. दुसरी पट्टी काटकोनात, चौकोन आणि पहिली पट्टी या दोघांची कड झाकणारी. अशा चार पट्ट्या झाल्या की एक फेरा पुरा होतो. लगतच्या दोन बाजूंना फिक्या पट्ट्या आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद, हा नियम मात्र मोडायचा नाही. त्यामुळे तयार झालेला चौकोन कर्णाने दुभंगतो, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत.

शिवल्यानंतर मधला चौकोन दोन इंचांचा आणि पट्टी एक इंचाची राहिली, तर चार फेऱ्यांत दहा इंचांचा ब्लॉक तयार होतो. त्यात सतरा तुकडे असतात. असे चौसष्ट ब्लॉक जोडले की ऐंशी इंचांची चौरस गोधडी होते आणि तुकड्यांची संख्या १०८८ भरते. ऊन-सावलीच्या बाजू कशा फिरवल्या, त्यावरून मांडणीची नावे पडली. एकात एक शंकरपाळे दिसले तर ‘बार्न रेझिंग’, म्हणजे गावाने मिळून धान्याचे कोठार उभारणे. तिरक्या रेघा दिसल्या तर ‘स्ट्रेट फरो’, म्हणजे नांगराची सरळ तास. अस्तरासकट ही वीण इतकी जाड होते की तीवर पुन्हा बारीक धावदोरा घालणे अवघड जाई. म्हणून पुष्कळ बायका ठिकठिकाणी दोऱ्याची गाठ मारूनच थर बांधून टाकत.

जुन्या गोधडीचा काळ ठरवण्याचा पहिला नियम या तुकड्यांतच आहे. उत्खननात नाण्यांचा घडा सापडला, तर त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्याच्या आधी तो पुरला गेलेला नसतो. तसेच कोणतीही गोधडी तिच्यातल्या सर्वांत नव्या चिंधीपेक्षा जुनी असू शकत नाही. विल्यम पर्किन याला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये सापडला. तो रंग ज्या तुकड्यात आहे, ती गोधडी त्या वर्षाच्या पुढचीच. कापडावरची छपाई, सुताची जात, हाताची टीप की यंत्राची, असे एकेक पुरावे जोडत वस्त्राभ्यासक काळाची कड पक्की करतात.

या कसोटीवर लॉग केबिन गोधड्यांचा मोठा लोट १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसू लागतो. ओंडक्यांच्या झोपडीला तेव्हा राजकीय अर्थही होता. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनच्या प्रचारात झोपडी हे चिन्ह गाजले होते, आणि लिंकनचा जन्मच केंटकीतल्या अशा झोपडीत झालेला होता. लिंकनच्या काळातल्या यादवी युद्धाने दक्षिणेतल्या कापसाची वाट रोखली, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांच्या नावाशी जोडलेला शेअरचा तो उन्माद १८६५ मध्ये कोसळला. त्याच वर्षी अमेरिकेत तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली. म्हणजे या नक्षीला बहर आला तो पळून जाणाऱ्या गुलामांना आसऱ्याची गरज संपत आली, तेव्हा.

मग काळ्या चौकोनाची गोष्ट आली कुठून? गुलामांना उत्तरेकडे पोचवणाऱ्या गुप्त साखळीला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणत. तिच्याशी गोधड्यांचा संबंध जोडणारी विधाने १९८० च्या दशकात दिसू लागतात. १९९३ मध्ये डेबोरा हॉपकिन्सन यांचे ‘स्वीट क्लारा अँड द फ्रीडम क्विल्ट’ हे मुलांचे पुस्तक आले. त्यातली मुलगी गोधडीत वाटेचा नकाशा शिवते. १९९९ मध्ये जॅकलिन टोबिन आणि रेमंड डोबार्ड यांचे ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ निघाले. चार्ल्सटनच्या बाजारात गोधड्या विकणाऱ्या ओझेला मॅकडॅनियल विल्यम्स यांनी सांगितलेली कुटुंबातली आठवण हा त्याचा आधार. ‘मंकी रेंच’ दिसले की हत्यारे गोळा करा, ‘वॅगन व्हील’ दिसले की प्रवासाची तयारी करा, अशी नक्षींची सांकेतिक भाषा त्यात मांडली आहे. पुस्तक खपले आणि शाळाशाळांत त्यावरून हस्तकलेचे तास होऊ लागले.

इतिहासकारांना मात्र कागदोपत्री दुजोरा मिळाला नाही. फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल यांनी आपल्यापर्यंत पोचलेल्या शेकडो पळालेल्यांच्या हकिगती टिपून १८७२ मध्ये प्रसिद्ध केल्या. वेषांतर, खोटी कागदपत्रे, पेटीत बंद होऊन केलेला प्रवास, सारे त्यात आहे. गोधडीची सांकेतिक भाषा नाही. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून दोन हजारांहून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. त्यांत गोधडी येते ती थंडीतल्या पांघरुणाच्या आणि रात्री मिळून शिवायला बसण्याच्या आठवणींत. शिवाय नक्षींची आज रूढ असलेली अनेक नावे छापील कॅटलॉगांनी आणि वृत्तपत्रांनी पुढे पक्की केली. ‘कॅन्सस सिटी स्टार’ हे पत्र तर १९२८ पासून १९६१ पर्यंत नक्षी छापत होते. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलगत फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकात ही संकेतकथा कोरण्याचे ठरले, तेव्हा डेव्हिड ब्लाइट यांच्यासारख्या अभ्यासकांनी जाहीर हरकत घेतली.

‘एवढी चांगली गोष्ट कशाला मोडता?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. त्याचे उत्तर खऱ्या बायकांच्या खऱ्या गोधड्यांत आहे. हॅरिएट पॉवर्स १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. बायबलमधले प्रसंग कापडी आकृत्यांनी मांडलेली त्यांची गोधडी १८८६ मध्ये एका कापूस-प्रदर्शनात जेनी स्मिथ या चित्रकलाशिक्षिकेने पाहिली आणि मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे हलाखी आली तेव्हा त्यांनी दहा डॉलर मागितले आणि पाचावर समाधान मानले. देताना त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला, तो स्मिथबाईंनी लिहून ठेवला. नंतरही त्या आपली गोधडी पाहायला येत. आज ती स्मिथसोनियन संस्थेत आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या एका स्त्रीने आपल्या गोधडीचा अर्थ स्वतः सांगितलेला इथे नोंदलेला आहे. संकेतकथेच्या गजबजाटात तो ऐकू येत नाही.

अलाबामातले जीज बेंड हे नदीच्या वळणातले गाव. तिथल्या अनेकांचे आडनाव पेटवे, कारण त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचे ते आडनाव. लॉग केबिनच्याच कुळातली, चौकोनात चौकोन रचणारी ‘हाउसटॉप’ नक्षी इथल्या बायकांची आवडती. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची ऊब पांघरता यावी म्हणून. ते विटके डेनिम त्या कष्टांचा पुरावा आहे. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत या गोधड्या लागल्या, तेव्हा करणाऱ्यांची नावे भिंतीवर लिहिलेली होती.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अनेकांचे वंशज, सिद्दी, आज उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहतात. त्यांच्या बायकांची कवंदी लॉग केबिनच्या उलट वाटेने जाते. शिवण बाहेरच्या कडेपासून सुरू होते आणि धावदोऱ्याचे फेरे घेत मध्याकडे येते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे ‘फूल’ लागले नाही, तर कवंदी त्यांना उघडी वाटते. हा क्रम पाहून त्यात आफ्रिकेचा गुप्त संदेश वाचण्याचा मोह कुणालाही होईल. पण आधी शिवणारीला विचारावे, ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि मगच चिंध्यांकडे वळावे.

आपल्या घरातली वाकळ तर बहुधा निनावीच असते. आजीचे नऊवार, आजोबांचे धोतर, कुणाचे तरी बाळंतपणातले लुगडे तिच्या थरांत असते आणि दोन पिढ्यांत ते कुणाचे, हे सांगणारे कुणी उरत नाही. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची वाकळ खाली येईल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तिच्याशेजारी बसवावे. कोणता तुकडा कुणाचा, कोणत्या साली शिवली, कुणी कुणी टाके घातले, हे विचारावे. आणि ते एका पांढऱ्या फडक्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहून मागच्या अंगाला टाचून टाकावे.