डच सामासिक शब्द : अवयवविभागणी व उच्चार

डच भाषेत समास सलग लिहितात. त्यामुळे त्याचे अवयव (एकेका स्वराभोवती जमणारे उच्चारघटक) कोठे पाडावेत, हे अर्थ जाणल्याशिवाय ठरत नाही. ‘क्वार्त्स्लाखेन’ हा शब्द ‘क्वार्त्स-लाखेन’ असा तोडल्यास स्फटिकाचे थर आणि ‘क्वार्त-स्लाखेन’ असा तोडल्यास पाव फेरे, असे दोन अर्थ निघतात.

साध्या शब्दात दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील स्वराकडे जाते. समासात मात्र घटकशब्दांची सीमा पाळली जाते. शब्दान्ती घोष व्यंजन अघोष होते, हा डचमधील नियम या सीमेवरही लागू पडतो. ‘हांदेन’ (हात, अनेकवचन) यात ‘द’ कायम राहतो. परंतु ‘हांद’ व ‘आर्बेइद’ (श्रम) यांचा समास ‘हांत्-आर्बेइत’ असा उच्चारला जातो. संस्कृतात ‘जगत्’ व ‘ईश’ मिळून ‘जगदीश’ होते, त्याच्या हे नेमके उलट आहे. बटाट्याचे नाव ‘आर्दापेल’ (शब्दशः भूमीचे सफरचंद) हे याला अपवाद होय. ओळीच्या शेवटी तो ‘आर्द-आपेल’ असाच तोडतात, पण त्यातील ‘द’ घोष राहतो. कारण बोलणाऱ्याच्या कानाला हा समास आता समास वाटत नाही.

डच कोशाच्या संपादनासाठी मातीयास द फ्रीस व ते विंकेल यांनी १८६३ मध्ये लेखनपद्धती आखली. एका शब्दाचे रूप सर्वत्र सारखे दिसावे, हे तिचे एक तत्त्व होते; उच्चारात ‘त’ असूनही ‘हांद’ मध्ये ‘द’ लिहितात, तो यामुळेच. बेल्जियमने ती १८६४ मध्ये स्वीकारली.

खरा वाद घटकशब्दांमधील ‘न’ विषयी झाला. प्रमाण उच्चारात तो बहुधा ऐकू येत नाही. १९५४ च्या शब्दसूचीनुसार पहिल्या पदातून अनेकत्वाचा बोध होत असेल, तरच तो लिहावयाचा होता : पुस्तकांच्या कपाटात पुस्तके अनेक, म्हणून तेथे ‘न’, धिरडे मात्र एकाच तव्यावर होते, म्हणून ‘पानेकूक’. ही कसोटी तर्कशुद्ध दिसली, तरी व्यवहारात निसरडी ठरली. १९९५ च्या सुधारणेने ती सोडून पहिल्या पदाच्या अनेकवचनी रूपाला प्राधान्य दिले आणि ‘पानेनकूक’ हे लेखन आले. उच्चार मात्र बदलला नाही. याच सुधारणेने समासात दोन स्वर भिडतात तेथे द्विबिंदूऐवजी संयोगचिन्ह योजले. २००५ मध्ये काही अपवाद रद्द झाले. त्यावर नाराज असलेल्या अनेक डच वृत्तपत्रांनी २००६ मध्ये पर्यायी ‘श्वेत पुस्तिका’ अवलंबिली. तिने हा ‘न’ लेखकाच्या इच्छेवर सोडला.