दहावीच्या पुढचा फाटा

1975 साली आमच्या गावात एकाच उन्हाळ्यात दोन मॅट्रिक झाल्या. जुन्या पद्धतीची अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या पद्धतीची दहावीची पहिली तुकडी, दोन्ही त्याच साली बोर्डाला बसल्या. पारावरच्या म्हाताऱ्यांना हे काही केल्या उमगेना. "एक साल कमी शिकून मॅट्रिक? मग आधीच्या पोरांचं एक साल फुकट नासलं म्हणायचं!" मी पुढच्या वर्षी दहावी झालो आणि सरळ औतामागं गेलो. घरात थोरला मीच, बाहत्तरच्या दुष्काळात मोडलेलं घर अजून सावरत होतं, तेव्हा माझ्यापुढं फाटा असा नव्हताच. फाटा आला तो 1979 साली, धाकट्यापुढं.

हा फाटा आला कुठून ते आधी सांगतो, कारण आम्हाला तेव्हा ते कुणी सांगितलं नव्हतं. 1964 साली कोठारी आयोग नेमला आणि 1966 ला त्याचा अहवाल आला. दहा वर्षं सगळ्यांना सारखी शाळा, मग दोन वर्षं, मग तीन वर्षांची पदवी, हा हिशेब त्या अहवालातला. मधली दोन वर्षं उगाच घातलेली नव्हती. दहावीनंतर शिकणाऱ्यांतली निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडं वळावीत, असं आयोगाचं म्हणणं होतं. म्हणजे कालव्याला दोन सारखे पाट काढायचे ठरलं होतं. पण आमच्याकडं 1975 पासून ज्युनिअर कॉलेजं निघाली, तालुक्याच्या हायस्कुलांना वरचे दोन वर्ग जोडले गेले, आणि सगळं पाणी त्या एकाच पाटानं धावलं.

शिक्षण हाताला काम देणारं असावं ही मागणी काही कोठारींपासूनची नव्हे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यातलं सगळेजण सांगतात. पण ही विद्या कारकून आणि मास्तर घडवण्यापलीकडं फारशी उपयोगी नाही, खेड्यातल्या शाळेत मोडी आणि हिशेबाबरोबर शेतीचंही थोडं ज्ञान द्या, असंही त्यांनी मांडलं होतं. ते लोक कमी सांगतात.

आमच्या सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. हा माणूस एके काळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडलेला. लाकडी नांगरावर पिढ्या काढलेल्या शेतकऱ्याला लोखंडी फाळ पटवून देणं हे काही सोपं काम नव्हे, तेव्हा खेड्यातलं माणूस कशाला बिचकतं आणि कशाला भुलतं हे त्यांना पुस्तकातून शिकायला लागलं नसणार. त्यांच्या वसतिगृहातली पोरं कष्ट करून शिकायची. 1947 साली साताऱ्याला कॉलेज काढलं तिथंही कमवा आणि शिका हीच रीत. यातली खुबी मला फार उशिरा दिसली. तिथं सकाळी खडी फोडणाऱ्या पोराला कुणी सांगत नव्हतं की, बाबा, तू आता खडीचाच. तोच पोरगा दुपारी वर्गात बसायचा आणि पुढं बी. ए. व्हायचा. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी जे मांडलं, त्यातही हस्तव्यवसाय हा शिकण्याचा मार्ग होता, वेगळी वाट नव्हती. माझे आजोबा त्याला हसायचे. "सूत कातायला शाळा कशाला? आमची म्हातारी न शिकता काततीया." हसले तरी त्यांना भाऊरावांविषयी आदर होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

स्वतंत्र भारतात मात्र हात आणि पुस्तक यांची वाटणी झाली. 1950 पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, तीच आपली आयटीआय. 1961 ला अप्रेंटिसचा कायदा झाला. दोन्ही कामं चांगलीच. पण आयटीआय एका खात्याखाली, कॉलेज दुसऱ्या खात्याखाली, आणि मधे बांध असा घातला की इकडचं पाणी तिकडं जायचं नाही.

धाकटा दहावीला बऱ्या मार्कांनी पास झाला. गणित चांगलं, इंग्रजी लंगडं. त्याला आयटीआयला फिटर व्हायचं होतं. मास्तर म्हणाले, "अकरावीला घाला, पोरगं हुशार आहे." म्हणजे हुशार असेल त्यानं हाताचं काम शिकू नये, हे मास्तरांनीच ठरवून टाकलं. आबांचं वेगळंच. ते म्हणाले, "घण मारायला आपण काय लोहार हाय का?" त्याच आठवड्यात आमच्या सुतारदादांनी त्यांच्या पोराला कॉलेजात घातलं. मी विचारलं, "दादा, तुमच्या घरात तर वाकस-रंधा चालत आलाय, पोराला आयटीआयला का नाही घालत?" ते म्हणाले, "चालत आलाय म्हनूनच. बलुत्याच्या दाण्यावर माझा बाप मेला. पोराला खुर्चीवर बसलेला बघायचाय."

हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. ज्यांच्या हातात जन्मानं हत्यार आलं त्यांना ते टाकायचं होतं, आणि ज्यांच्या हातात नव्हतं त्यांना ते धरायची लाज वाटत होती. मग आयटीआयला जायचं कुणी? ज्याला दुसरीकडं जागा नाही त्यानं. आपल्याकडं कामाची किंमत करताना आधी ते काम कुणाचं हे बघतात, ते काम काय हे नंतर. आयटीआयनं तो बांध फोडला, हे तिचं श्रेय कुणी फारसं देत नाही. कुठल्याही घरचं पोर तिथं एकाच टेबलावर कानस मारत होतं.

शेवटी आईनं आबांना गप्प केलं. "लोहार तर लोहार, पगार तर आणंल." धाकटा गेला. पहिले काही महिने लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये धरून नुसती कानस मारायची. मग गुण्या लावून ठोकळा उजेडाकडं धरायचा. फटीतनं उजेड दिसला की पुन्हा कानस. सुट्टीला घरी आला तेव्हा त्याचे तळवे माझ्यापेक्षा राठ झाले होते. दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष अप्रेंटिस, आणि मग पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात लागला. त्याच्या मनिऑर्डरीवर आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन गेलं आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर बसली. चुलतभाऊ त्याच्याच वयाचा, तो बी. ए. झाला आणि सहा वर्षं रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड खिशात घेऊन फिरला. गंमत अशी की सोयरिकी जास्त त्यालाच आल्या. पदवी लग्नपत्रिकेत छापता येते, फिटर छापता येत नाही.

बारा-तेरा वर्षांनी कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली. अट डिप्लोमाची. ज्या पोराला धाकट्यानं मशीन शिकवली होती, तो साहेब झाला. धाकटा म्हणाला, मीही शिकतो, रात्रीचं कॉलेज करतो. चौकशीला गेला तर खिडकीतून उत्तर आलं, "बारावीचं मार्कलिस्ट आणा." त्याची तीन वर्षं, प्रमाणपत्रं, सगळं हातात होतं. त्या खिडकीच्या हिशेबी तो अजून दहावी पासच होता. पुण्याहून आल्यावर तो माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह साफ करून आला.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. 1986 च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं होतं की उच्च माध्यमिकची दहा टक्के मुलं 1990 पर्यंत आणि पंचवीस टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणात येतील. 1992 ला ती मुदत पाच-पाच वर्षांनी पुढं ढकलली. आमच्या पीककर्जासारखंच, नवंजुनं केलं. आपल्या राज्यात 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, ज्याला पोरं एमसीव्हीसी म्हणत. त्याहून चतुर होता बायफोकल. विज्ञान शाखेतच राहायचं आणि एक व्यवसायाचा विषय दोनशे मार्कांचा घ्यायचा. कल्पना चांगली, कारण त्यात पुढची वाट बंद होत नव्हती. पण आमच्या तालुक्यात पोरं तो घ्यायची मार्क वाढवायला. पीकशास्त्रात भरघोस मार्क मिळवलेल्या एका पोरानं मला शाळूचं ताट दाखवून विचारलं होतं, "काका, हा मका का?"

बांध खऱ्या अर्थानं फुटला तो पुढं. आता दोन वर्षांची आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. धाकट्याच्या वेळी ही वाट असती तर तो कुठवर गेला असता याचा हिशेब मी करत नाही. तो करतो.

गेल्या जूनमध्ये माझी नात दहावी झाली. तिला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, सुनेला तिला अकरावी सायन्सला घालायचंय. धाकटा आता रिटायर होऊन गावातच असतो. सुनेला वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल, यानं सोसलंय. त्यानं चष्मा लावला, माहितीपुस्तिका घेतली, आणि आयटीआयचं पान सोडून डिप्लोमाच्या प्रवेशाचे नियम आधी वाचायला बसला. बराच वेळ वाचून त्यानं नातीला विचारलं, "गणित किती पडलंय?" ती म्हणाली, "ब्याऐंशी." तो म्हणाला, "मग कानस मारायची तयारी ठेव," आणि सुनेकडं न बघता पेन मागितलं.