पावसाची पैज, कापसाचा आकडा आणि सोन्याचा चेंडू

मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापसाला काय भाव फुटेल, हे ओलावा, धाग्याची लांबी आणि जिनिंगवाल्याची निकड यांवर ठरते. पण त्यामागे न्यूयॉर्कचा वायदे बाजारही असतो. त्याच न्यूयॉर्कच्या भावावर एके काळी मुंबईत दुसराही धंदा चाले. तिथल्या कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांतल्या अंकांवर लोक पैसे लावत. १९६१ च्या सुमारास हे भाव येणे थांबले. मग कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे, आकडा मुंबईतच काढण्याची सोय केली. मडक्यातल्या चिठ्ठ्या झाल्या, मग पत्ते आले; हाच मटका. कापूस गेला तरी धंदा बसला नाही, कारण लावणाऱ्याचा कापसाशी संबंध कधी नव्हताच.

फुटबॉलच्या पुरस्कारांवर इंटरनेटवरून चालणाऱ्या भाकीत-बाजारांकडे या बाजूने पाहिले तर त्यांच्याविषयीचा बराचसा गोंधळ निवळतो. या बाजारांची रचना सोपी आहे. 'अमुक खेळाडूला यंदाचा बॅलन डी'ओर, म्हणजे सोन्याचा चेंडू, मिळेल का?' असा प्रश्न असतो आणि त्यावर 'हो' व 'नाही' असे दोन करार विकले जातात. उत्तर खरे ठरले तर पॉलिमार्केट आणि कॅलशी या अमेरिकी मंचांवर कराराचा एक डॉलर मिळतो. गुरुग्रामच्या प्रोबो या भारतीय ॲपवर दहा रुपये मिळत. 'हो'चा भाव साडेसात रुपये असेल तर बाजार ती शक्यता ७५ टक्के धरतो, असा अर्थ लावला जातो. समोर पैज घेणारा खायवाल नसतो, दुसरा लावणाराच असतो. मंच मधली दलाली घेतो. म्हणून हा जुगार नसून 'मतांची खरेदी-विक्री' आहे, असा युक्तिवाद या कंपन्या करत आल्या. त्यात तथ्य किती, हे तपासायचे तर आधी पाहायला हवे की या करारात जोखीम कोणाची आहे.

परभणीच्या शेतकऱ्याने कापूस पेरला त्या दिवशी भाव पडण्याची जोखीम त्याच्या घरात आलेली असते. वायदा ती निर्माण करत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवतो. पावसाचे तसेच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर पैजा लागत. १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातल्या व्याख्येत पावसावरची पैज बसत नाही; सरकारने पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून पैज लावणेही त्या व्याख्येत ओढले. आज २०१६ पासूनच्या हवामानाधारित पीक विमा योजनेतही हवामानावरच पैसे लागतात, पण तिथे हप्ता भरणाऱ्याचे शेत त्या पावसात उभे असते. बाहेरून दोन्ही व्यवहार सारखे दिसतात. एकात आधीची जोखीम कमी होते, दुसऱ्यात नसलेली उभी केली जाते.

उस्मान डेम्बेलेला २२ सप्टेंबर २०२५ ला पॅरिसमध्ये बॅलन डी'ओर मिळाला. तो मिळाला नसता तर जिंतूर किंवा गंगाखेडच्या पोराचे काय बिघडले असते? करार घेतलेला नसेल तर काहीच नाही. पुरस्काराच्या बाजारात खरी जोखीम असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: खेळाडू, त्याचा क्लब, जाहिरातदार. बाकी सगळ्यांची जोखीम करारातूनच जन्मते.

याहून मोठा दोष निकाल कुठे आणि केव्हा तयार होतो यात आहे. विश्लेषक मंडळी हा मुद्दा फारसा हाताळत नाहीत. सामन्यावर पैसे लावले जातात तेव्हा निकाल जगात कुठेच अस्तित्वात नसतो. पुरस्काराचा निकाल मात्र समारंभाच्या आधीच मोजून झालेला असतो आणि काही माणसांना ठाऊक असतो. पुरुषांचा बॅलन डी'ओर फिफा क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांचे प्रत्येकी एक पत्रकार ठरवतात. प्रत्येकाने दहा खेळाडू क्रमाने लिहायचे. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, असे उतरत शेवटच्याला १. भारत २०२४ मध्ये या शंभरात नव्हता, म्हणजे इथल्या एकाही पत्रकाराचे मत त्यात नव्हते. त्या वर्षी रोड्रीला ११७० आणि विनिसियस ज्युनियरला ११२९ गुण मिळाले. अंतर ४१ गुणांचे. तीन-चार पत्रकारांनी त्या दोघांना वेगळ्या जागी लिहिले असते तर निकाल फिरला असता. एवढ्या छोट्या आणि बंद मंडळाच्या मतावर हजारो लोक भाव लावतात.

आणि भाव कशाने हलला? समारंभ २८ ऑक्टोबर २०२४ चा. विनिसियस बराच काळ आघाडीवर मानला जात होता. समारंभाच्याच दिवशी बातमी आली की त्याच्या क्लबचा, रेआल माद्रिदचा, ताफा पॅरिसला जाणार नाही, आणि रोड्रीकडे पारडे झुकले. यात फुटबॉलचे ज्ञान कुणाला कामी आले नाही, विमान उडणार नाही हे आधी कोणाला कळले एवढेच कामी आले. पुढच्या वर्षी याची आणखी ठळक आवृत्ती दिसली. १० ऑक्टोबर २०२५ ला नोबेल शांतता पुरस्कार मारिया कोरिना माचादो यांना जाहीर झाला, पण त्याच्या काही तास आधी पॉलिमार्केटवर त्यांचा भाव अगदी तळातून अचानक उसळला होता. बातमी फुटली का, याची चौकशी नॉर्वेच्या नोबेल संस्थेला करावी लागली. लोकांच्या शहाणपणाचा भाव म्हणून जो विकला जातो, तो अशा वेळी एका फुटलेल्या गुपिताचा भाव असतो.

मटकेवाल्यांची बाजू घेण्याचा हेतू नाही, पण या एका कसोटीवर मटका वरचढ होता. खत्री लोकांसमोर पत्ते काढत असे, त्यामागचे कारण हेच: पत्ता निघेपर्यंत आकडा कोणाला माहीत नाही, अशी लावणाऱ्यांची खात्री पटली पाहिजे. ती खात्री गेली की धंदा गेला. पुरस्काराच्या बाजारात उलट, कोणाला तरी ठाऊक आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि तरी बाजार चालतो.

नियमच मधे बदलले तर आणखी पंचाईत. २०१३ च्या बॅलन डी'ओरसाठी मतदानाची मुदत १५ नोव्हेंबरला संपणार होती. पुरेशी मते आली नाहीत म्हणून फिफाने ती २९ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. मधल्या काळात, १९ नोव्हेंबरला, क्रिस्तियानो रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध तीन गोल करून पोर्तुगालला विश्वचषकात नेले. पुरस्कार त्यालाच मिळाला. २०२० मध्ये तर पुरस्कारच रद्द झाला. अशा वेळी कोणाचे पैसे कोणाला, हे कराराच्या बारीक अक्षरांवर अवलंबून राहते. पॉलिमार्केटवर वाद झाला तर विशिष्ट क्रिप्टो टोकन बाळगणारे लोक मतदान करून निकाल लावतात. पत्रकारांच्या मतदानावर पैज, आणि पैजेचा निकालही मतदानानेच!

अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये शेअर बाजाराची तुलना वर्तमानपत्री सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्यात सुंदर चेहरा निवडायचा नसतो, इतर लोक कोणता निवडतील ते ओळखायचे असते. शेअरच्या मागे निदान कारखाना असतो, नफा असतो. पुरस्काराच्या मागे फक्त ती स्पर्धाच आहे.

हिशेबाचे थोडक्यात सांगतो. मटक्यात दहांतला एक अंक लागला तर साधारण नऊपट मिळतात, म्हणजे शंभरातले दहा खायवालाचे. भाकीत-बाजारात एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा, म्हणून तो समतोल दिसतो. पण समजा साडेसात रुपयांच्या करारावर मंच जिंकणाऱ्याकडून पन्नास पैसे घेतो. शक्यता खरोखर ७५ टक्के असेल तर सरासरी हाती येतात ७ रुपये १२ पैसे, म्हणजे घातले त्याहून कमी. वर आतली बातमी असलेला माणूस समोर बसलेला असेल तर ही तूटही सौम्यच म्हणायची.

कायद्याने हे सगळे उशिरा हाती घेतले. निजामाच्या राज्यात परभणीला हैदराबादचा १३०५ फसलीचा जुगार कायदा होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुंबईच्या त्या १८८७ च्या कायद्यातले मटक्याला लागणारे कलम १२(अ) आजही पोलीस ठाण्यांच्या रोजच्या नोंदींत दिसते. पण ते चिठ्ठी, टपरी आणि रंगेहाथ पकडलेल्या माणसासाठी घडलेले आहे. मोबाइलमधला करार त्याच्या हाती लागणे कठीण. २९ एप्रिल २०२५ ला सेबीने सांगून टाकले की असे मंच आपल्या अखत्यारीत येत नाहीत आणि त्यांवर गुंतवणूकदाराला कोणतेही संरक्षण नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला. मंच चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरातदाराला दोन वर्षे आणि पन्नास लाख. प्रोबोने पैशांचे व्यवहार बंद केले.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मात्र १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० त्याच्या डोक्यावर आहेच: पैजेचा करार निरर्थक, आणि जिंकलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. गावातला खायवाल पैसे बुडवून गेला तर निदान त्याचे घर ठाऊक असते. परदेशी मंचावर क्रिप्टोतून घेतलेला करार अडकला, तर जिंकलेल्या माणसाला परभणीच्या न्यायालयातही दाद नाही आणि टोकनवाल्यांच्या त्या मतदानातही त्याला मत नाही.