‘.२७०’ आणि जॅक ओ'कॉनर

मूळ मजकुरातील ‘.२७०’ म्हणजे विंचेस्टर कंपनीने १९२५ साली आणलेले रायफलचे काडतूस. अमेरिकी शिकाऱ्यांत ते रुजले याचे श्रेय बहुधा ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात अनेक वर्षे बंदुकांवर लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनर यांना दिले जाते. काडतूस मुळातच चांगले होते, मग त्याला लेखणीची मदत कशाला लागली, हा आक्षेप रास्त आहे; १३० ग्रेनची त्याची वेगवान गोळी लांबवर सपाट जाते आणि खांद्याला धक्काही बेताचा बसतो. पण १९५७ साली आलेले .२८० रेमिंग्टन गुणांत जवळपास तसेच असूनही लोकप्रियतेत मागेच राहिले. ते ३२ वर्षे उशिरा आले, शिवाय सुरुवातीला त्यातला दाब कमी ठेवला होता, हेही खरे. म्हणून सगळे श्रेय लेखकाच्या पदरात टाकता येत नाही. ओ'कॉनर यांचा प्रभाव खपापेक्षा शिकाऱ्यांच्या विचारात शोधावा, असे मला वाटते. त्यांच्यासारखेच बंदुकांवर लिहिणारे एल्मर कीथ मोठ्या व्यासाच्या जड गोळ्यांचा आग्रह धरत होते. ओ'कॉनर मात्र गोळी नेमकी कुठे लागते यावर भर देत राहिले. जखमी जनावर तडफडत निसटू नये ही जबाबदारी त्यामुळे काडतुसावरून नेमबाजाच्या हातावर आली. मूळ मजकुरातील शिकाऱ्यांचा वाद याच दोन लेखकांच्या वाचकांमधला आहे. — संपादक