कापडाचे आभाळ

चौसोपी वाड्यात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना चौकात उतरणाऱ्या उजेडाची ओळख करून द्यावयास नको. माथ्यावर आभाळाचा एक चौकोनी तुकडा असतो. ऊन भिंतीच्या वरच्या अंगालाच अडते, आणि खाली तुळशीपाशी जे येऊन पोहोचते ते ऊन नसून नुसता उजेड असतो. त्याला दिशा म्हणून नसते. पडवीत धान्य निवडीत बसलेल्या आजीची ठळक सावली भुईवर पडत नाही. तिच्या चेहऱ्यावरील सुरकुती न् सुरकुती मात्र दिसते. हा उजेड चित्रपटात आणण्यासाठी एका तरुणाने जी खटपट केली, तिची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. त्या तरुणाचे नाव सुब्रत मित्र. सत्यजित राय हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यांच्या दहा चित्रपटांचे छायालेखन ज्यांनी केले, त्या सुब्रतबाबूंचे नाव घेणारे थोडे.

सुब्रतबाबूंचा जन्म १२ ऑक्टोबर १९३० रोजी कलकत्त्यास झाला. विद्यार्थिदशेतच त्यांना इंग्रजी बोलपटांचा नाद लागला, आणि गाय ग्रीन यांच्यासारख्या छायालेखकांची कामगिरी ते बारकाईने न्याहाळू लागले. पुढे प्रख्यात फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार हे 'द रिव्हर' या चित्रपटासाठी बंगालमध्ये आले. सुब्रतबाबूंना त्या चित्रपटात काम मिळाले नाही. चित्रण पाहण्याची परवानगी तेवढी मिळाली. त्यांनी त्या परवानगीचे सोने केले. दिवा कोठे ठेवला, कॅमेरा कोठे होता, नट कोठून कोठे चालत गेला, याच्या आकृत्या काढून त्यांनी वह्या भरल्या. ही टिपणे इतकी चोख होती की, आदल्या दृश्यातील प्रकाशाशी मेळ घालण्यासाठी खुद्द छायालेखक क्लोद रेन्वार त्यांचा आधार घेऊ लागले. याच ठिकाणी त्यांची व सत्यजित राय यांची गाठ पडली. राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते, आणि 'पथेर पांचाली' या बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीचा चित्रपट करण्याचे विचार त्यांच्या मनात घोळत होते.

त्या चित्रपटाचे पहिले चित्रण २७ ऑक्टोबर १९५२ रोजी, काशाच्या तुऱ्यांनी पांढऱ्या झालेल्या एका माळावर झाले. छायालेखकाला बाविसावे वर्ष पुरे होऊन अवघे पंधरा दिवस झाले होते, आणि चित्रपटाचा कॅमेरा त्याने त्यापूर्वी कधी हाताळला नव्हता. दिग्दर्शकाचाही तो पहिलाच चित्रपट. पैशाअभावी काम वारंवार थांबे. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने ते तडीस गेले, आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये चित्रपट कलकत्त्यास प्रदर्शित झाला. पुढील साली कानच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच चित्रपटात काही ठिकाणी ऐकू येणारी सतारही सुब्रतबाबूंनीच वाजविलेली आहे, हे मात्र फारसे कोणास माहीत नसते.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी. 'अपराजितो'मध्ये अपूचे कुटुंब काशीस येऊन एका जुन्या घरात बिऱ्हाड करते. त्या घराला मध्ये चौक आहे. हे घर प्रत्यक्ष काशीत न घेता कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे, असे राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ठरविले. सुब्रतबाबूंनी या बेतास कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, भिंती, खांब, जिना हे सारे हुबेहूब उभे करता येईल. परंतु वरून येणारा आभाळाचा उजेड कोठून आणणार? त्या काळच्या स्टुडिओत नटांवर थेट दिव्यांचे झोत सोडण्याची वहिवाट होती. एका माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या भिंतींवर नाचत, आणि प्रेक्षकही त्याला सरावलेले असत. पण चौकाच्या भुईवर अशी एक सावली पडली तरी काशीचे सोंग उघडे पडणार, हे त्या तरुणाला स्पष्ट दिसत होते.

त्याचा विरोध मानला गेला नाही. सेट उभा राहिला. तेव्हा हट्टाने रुसून बसण्याऐवजी त्याने एक युक्ती योजिली. चौकाच्या माथ्यावर, जेथे आभाळ असावयाचे तेथे, त्याने चौकटीत ताणलेले पांढरे कापड बांधिले आणि दिवे खाली ठेवून त्यांची तोंडे त्या कापडाकडे केली. झोत वर जाऊन कापडावर आदळे, आणि तेथून विखुरलेला मऊ उजेड खाली चौकात झरे. परावर्तनात प्रकाशाचा मोठा अंश वाया जातो, म्हणून दिवे अधिक लागतात, खटपट वाढते व वेळही मोडतो. पण नटांच्या पायांशी कठोर सावली उरली नाही. १९५६ साली चित्रपट पडद्यावर आला, पुढील वर्षी व्हेनिस येथे त्याला सुवर्णसिंह मिळाला. आणि चित्रपट पाहताना त्या चौकावर कापडाचे आभाळ आहे, अशी शंकाही मनास शिवत नाही. स्वीडनमधील स्वेन निक्विस्ट यांनी बर्गमनच्या १९६१ सालच्या चित्रपटात अशाच मृदू प्रकाशाचा अवलंब केल्याचा बोलबाला झाला, तेव्हा आपण कलकत्त्यास हे त्यापूर्वीच करीत होतो, याची आठवण राय यांनी करून दिली.

ही केवळ एक कारागिरी होती असे मला वाटत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक उजेडाला कारण असले पाहिजे, तो खिडकीतून आला की कंदिलातून की आभाळातून हे सांगता आले पाहिजे, असा तो एक आग्रह होता. 'जलसाघर'मधील जमीनदाराच्या दिवाणखान्यात झुंबरांचा प्रकाश आहे. दार्जिलिंगच्या 'कांचनजंघा'त, राय यांच्या पहिल्या रंगीत चित्रपटात, क्षणात धुके आणि क्षणात ऊन आहे. १९६४ च्या 'चारुलता'त बंद खिडक्यांच्या आड राहणाऱ्या एका एकाकी स्त्रीच्या घरातली दुपार आहे. तिन्ही ठिकाणी प्रकाशाचा स्वभाव निराळा आणि तिन्ही ठिकाणी तो खरा.

या आग्रहाची किंमतही सुब्रतबाबूंनी मोजली. मनासारखा उजेड मिळाल्यावाचून कॅमेरा सुरू करावयाचा नाही, असा त्यांचा बाणा. आणि वेळ म्हणजे पैसा मानणाऱ्या धंद्यात असा माणूस सर्वांस परवडत नाही. इकडे राय स्वतःच कॅमेरा चालवू लागले होते. १९६६ चा 'नायक' हा दोघांचा अखेरचा एकत्र चित्रपट ठरला. त्याच वर्षीच्या 'तीसरी कसम' या हिंदी चित्रपटातील बैलगाडीचा प्रवास आपल्यापैकी पुष्कळांनी डोळे भरून पाहिला असेल. तेही त्यांचेच छायालेखन. जेम्स आयव्हरी यांच्यासाठी 'शेक्सपिअर वाला' आणि मुंबईतील चित्रसृष्टीवरील 'बॉम्बे टॉकी' यांसारखे चार चित्रपट त्यांनी केले. त्यानंतर कामे विरळ होत गेली. 'न्यू दिल्ली टाइम्स'साठी छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा 'पथेर पांचाली'ला तीस वर्षे लोटून गेली होती. १९९७ पासून ते कलकत्त्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत विद्यार्थ्यांना शिकवीत असत. ७ डिसेंबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाहत्तर वर्षांच्या हयातीत एवढेच चित्रपट, असे कोणी म्हणेल. माझ्या मते, थोडे अधिक मवाळ राहून त्यांनी याच्या तिप्पट चित्रपट केले असते, पण मग तो चौक तसा उजळला नसता. श्रोतेहो, 'अपराजितो' पाहण्याचा योग आपणांस पुन्हा येईल, तेव्हा काशीच्या त्या घरात काम करणाऱ्या सर्वजयेकडे क्षणभर लक्ष द्या. प्रथम तिच्या पायांपाशी पाहा, आणि नंतर तिच्या चेहऱ्याकडे. वर आभाळ नव्हते, हे एव्हाना आपणांस ठाऊक झालेले आहे. तरीही ते आहे असेच आपणांस वाटेल.