वैद्यकीय प्रवेश आणि आदिवासी विद्यार्थी (नंदुरबार जिल्हा)

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, २०११च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोकसंख्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची आदी अनुसूचित जमातींची आहे. वैद्यकीय प्रवेशात या जमातींना राखीव जागा असल्या, तरी त्या जागांपर्यंत पोहोचण्याची वाट येथे अतिशय खडतर आहे.

यातील सर्वांत खोल अडसर भाषेचा होय. अक्राणी (धडगाव) किंवा अक्कलकुवा तालुक्यातील मूल घरी पावरी वा भिली बोलते, आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या निवासी शाळेत, मराठीतून दहावीपर्यंत शिकते आणि अकरावी विज्ञानाला येताच भौतिक, रसायन व जीवशास्त्र प्रायः इंग्रजीतून समजून घेऊ लागते. म्हणजे ज्या दोन वर्षांत शहरी विद्यार्थी शिकवणी वर्गात ‘नीट’ या ७२० गुणांच्या राष्ट्रीय परीक्षेचा सराव करतो, त्याच काळात या विद्यार्थ्याला तिसऱ्या भाषेची परिभाषा पचवावी लागते. २०१७पासून ही परीक्षा मराठीतही देता येते. परंतु अकरावी-बारावीचे अध्यापन इंग्रजीत असल्यामुळे त्या सोयीचा उपयोग मर्यादितच राहतो. राखीव प्रवर्गाला ५०ऐवजी ४० पर्सेंटाइलची पात्रता पुरते, मात्र पात्र ठरणे आणि शासकीय जागा मिळण्याइतकी गुणवत्ता क्रमवारी गाठणे यांत मोठे अंतर आहे.

दुसरा अडसर कागदपत्रांचा. राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्रविषयक कायद्यानुसार जमातीच्या दाखल्याची तपासणी समितीकडून पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र (बोलीत ‘व्हॅलिडिटी’) मिळाल्याखेरीज राखीव जागेवरील प्रवेश टिकत नाही. पडताळणीत १९५०पूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिलीच नाही, त्या कुटुंबाकडे अशी नोंद सापडणे कठीण, आणि म्हणून बारावीत असतानाच अर्ज करून घेणारा शिक्षक येथे मोलाचा ठरतो. रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता असल्यास काम बरेच सुकर होते. अडचण पहिल्या पिढीचीच अधिक.

२०२० साली नंदुरबारमध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उर्वरित ८५पैकी ७ टक्के, म्हणजे जेमतेम सहा, अनुसूचित जमातींच्या वाट्याला येतात. त्याही संपूर्ण राज्याच्या गुणवत्तेनुसार भरल्या जात असल्याने जिल्ह्यातील मुलांना महाविद्यालयाच्या सान्निध्याचा प्रवेशात कोणताही लाभ नाही. ज्या जिल्ह्याला आपल्या बोलीत रुग्णाशी बोलणारे डॉक्टर हवेत, तेथे ही रचना अपुरी म्हणावी लागेल.

मदतीच्या प्रयत्नांत, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५मध्ये सुरू केलेला ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा राज्यातील उपक्रम अनुकरणीय आहे. त्यात नुकतीच ‘नीट’ दिलेले भावी डॉक्टर गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवतात. प्रवेशानंतरच्या खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांच्या बँक खात्यात भोजन-निवासाची रक्कम जमा करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना उपलब्ध असून, त्यांसाठीचे मार्गदर्शन नंदुरबार व तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत मिळते.