पिवळ्या कागदामागची बाई

परदेशी लघुकथांचा विषय निघाला की आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात चेकॉव्ह आणि मोपासाँ ही नावे हमखास निघतात. शार्लट पर्किन्स गिलमन हे नाव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येते. या अमेरिकन लेखिकेची 'द यलो वॉलपेपर' ही कथा जानेवारी १८९२ मध्ये 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाली. एकाकी माणसांच्या कथा पुष्कळ आहेत. गोगोलचा गरीब कारकून आहे, चेकॉव्हचा पुत्रशोकाने व्याकूळ झालेला गाडीवान आहे. त्यांना एकटे पाडले ते जगाच्या बेपर्वाईने. गिलमनबाईंच्या नायिकेला एकटे पाडले ते घरच्यांच्या काळजीने, आणि तेही डॉक्टरी सल्ल्याने! म्हणूनच या कथेची आणि तिच्यामागच्या इतिहासाची हकीकत वाचक भगिनींपुढे ठेवावी असे मला वाटले.

कथा थोडक्यात सांगते. एक स्त्री, मूल अगदी लहान, आणि मन सारखे उदास. नवरा जॉन डॉक्टर, भाऊही डॉक्टर. दोघांच्याही मते तिला विशेष काही झालेले नाही. हवापालटासाठी उन्हाळ्यापुरते एक जुने, प्रशस्त घर घेतले जाते आणि तिला माडीवरच्या खोलीत ठेवले जाते. खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला खिळवलेला आहे. पूर्वी ही मुलांची खोली असावी, अशी ती स्वतःची समजूत घालते. मूल दाईकडे, संसार नणंदेकडे. तिने लिहायचे नाही, असा दंडक आहे. ती चोरून रोजनिशी लिहिते. आपण वाचतो ती कथा म्हणजे ही रोजनिशीच.

त्या खोलीच्या भिंतींवर पिवळा, विटका, जागोजाग फाटलेला नक्षीचा कागद आहे. आपल्याकडे चुन्याच्या नाहीतर शेणामातीच्या भिंती असत, त्यामुळे हे प्रकरण जरा समजून घ्यावे लागते. यंत्रावर छपाई सुरू झाल्यावर एकोणिसाव्या शतकात भिंतीचा कागद स्वस्त झाला आणि मध्यमवर्गीय घरांतून प्रतिष्ठेची खूण म्हणून मिरवू लागला. म्हणजे ही वस्तू घरपणाची, शोभेची. ती बदलावी, एवढेच नायिका मागते. नवरा हसून म्हणतो, आज कागद बदलला तर उद्या तू पलंग बदला म्हणशील, मग गजांच्या खिडक्या, मग जिन्यावरचे फाटक. कथेतील ही जागा मला सर्वांत जबरदस्त वाटते. बिचारा थट्टेच्या भरात तुरुंगाचे सगळे सामान मोजून दाखवतो आणि त्याचे त्यालाच कळत नाही.

दिवस जातात. नातलगांकडे चार दिवस राहून येऊ का, असे ती विचारते. तेही नाकारले जाते. मग ती भिंतच वाचू लागते. चांदण्या रात्री वरच्या नक्षीचे गज होतात आणि त्यांच्यामागे वाकून सरपटणारी एक बाई तिला दिसू लागते. शेवटच्या दिवशी ती दार आतून लावून घेते आणि त्या बाईला सोडवण्यासाठी हात पोचेल तिथवरचा कागद ओरबाडून काढते. नवरा दार उघडून पाहतो तर ती भिंतीच्या कडेने सरपटत फिरते आहे. तो मूर्च्छा येऊन वाटेतच पडतो, आणि दर फेरीला तिला त्याच्या अंगावरून जावे लागते.

प्रतीक म्हटले की पुष्कळ वाचक बिचकतात. लेखकाने मुद्दाम घातलेले कोडे आहे असे त्यांना वाटते. इथे कोडे काही नाही. जिच्या हातातून पुस्तक, लेखणी आणि माणसे तिन्ही काढून घेतली, तिची नजर कुठेतरी ठरणारच, आणि समोर होती ती भिंत. प्रतीक तिच्या एकांतातूनच उगवले आहे. ते उगवण्याइतका एकांत तिच्या वाट्याला का आला, हे मात्र इतिहासाला विचारावे लागते.

फिलाडेल्फिया शहरात सायलस वेअर मिचेल नावाचे मोठे नामांकित डॉक्टर होते. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले होते आणि तोडलेल्या अवयवाच्या जागी भासणाऱ्या वेदनांवर महत्त्वाचे संशोधन केले होते. मनुष्य विद्वान होता, यात शंका नाही. खचलेल्या, अशक्त स्त्रियांसाठी त्यांनी 'विश्रांती-उपचार' काढला आणि १८७७ च्या 'फॅट अँड ब्लड' या पुस्तकात तो मांडला. सहा आठवडे ते दोन महिने अंथरुणात पडून राहायचे, घरच्या माणसांपासून दूर, दूध आणि भरपूर खाणे, अंगाला मालीश, स्नायूंना विजेचे झटके. सुरुवातीचे काही आठवडे उठून बसणे नाही, शिवण नाही, वाचन नाही, लेखन नाही. घासही परिचारिकेने भरवायचा. कित्येकींचे वजन वाढले, कित्येकींनी डॉक्टरांना दुवाही दिला. परंतु पुरुषांसाठी त्यांची मात्रा निराळी असे. ओवेन विस्टर या तरुणाला त्यांनी १८८५ मध्ये पश्चिमेकडील मोकळ्या मुलखात घोड्यावर बसायला पाठवले. त्या अनुभवांतून पुढे त्याची 'द व्हर्जिनियन' ही गाजलेली कादंबरी (१९०२) निघाली. एकाला घोडा आणि दुसरीला पलंग! मिचेल स्वतः कादंबऱ्या लिहीत, हे जाता जाता सांगून ठेवते.

शार्लट यांचा जन्म १८६० चा. १८८४ मध्ये चित्रकार वॉल्टर स्टेटसन यांच्याशी विवाह झाला, मार्च १८८५ मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर त्या खोल विषण्णतेत बुडाल्या. आज प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार सर्वमान्य आहे. तेव्हा ते दुबळ्या स्वभावाचे लक्षण ठरे. पुढच्या हिवाळ्यात त्या कॅलिफोर्नियाला गेल्या तेव्हा त्यांना बरे वाटले, घरी परतताच दुखणे पुन्हा उलटले. १८८७ मध्ये त्या मिचेल यांच्याकडे गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या आजाराची सविस्तर हकीकत लिहून पाठवली होती; ती डॉक्टरांना केवळ आत्मप्रौढी वाटली. महिन्याभराने त्यांना घरी धाडताना डॉक्टरांनी बजावले, की शक्य तितके गृहिणीचेच आयुष्य जगा, मूल सतत जवळ ठेवा, बौद्धिक काम दिवसातून दोन तासच, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मात हात लावू नका. शार्लट यांनी हे काही महिने निष्ठेने पाळले. त्या काळात त्या चिंध्यांची बाहुली करून ती दाराच्या मुठीला टांगत आणि तिच्याशी खेळत. पलंगाखाली, अडगळीच्या कपाटात सरपटत शिरत. ही हकीकत त्यांच्याच आत्मचरित्रात आहे. कथेतील सरपटणारी बाई कुठून आली, हे आणखी कोणी सांगायला नको.

याच फिलाडेल्फियात आदल्याच वर्षी, मार्च १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या होत्या. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि रमाबाईंचे हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये त्याच शहरात छापले गेले. एका गावात एकाच सुमाराला एक मराठी बाई वैद्यकाची पदवी घेते, दुसरी पुस्तक छापते आणि एका अमेरिकन बाईला लेखणी खाली ठेवायला सांगितले जाते! शहाणपण एका देशाच्या वाट्याला आणि अज्ञान दुसऱ्याच्या, अशी वाटणी करून चालत नाही, ती अशी.

आपल्या बाळंतिणीच्या खोलीचीही इथे आठवण होते. ती अंधारी, धुरकट खोली, ती बाज, ती शेगडी, तो सव्वा महिना. तिचे गोडवे गायला मी बसलेली नाही. जिचे मनच विटले तिच्यासाठी दृष्ट काढण्यापलीकडे तिथे फारसा इलाज नसे. पण तिथे माणसांचा राबता होता. तेल लावायला येणारी बाई गावच्या बातम्या आणी, आई उशाशी असे, आत्या-मावशी डिंकाच्या लाडवांवरून वाद घालीत. मिचेलसाहेबांच्या पथ्यात नेमकी हीच माणसे वर्ज्य होती.

शार्लट यांनी पथ्य मोडले. १८८८ मध्ये पतीपासून विभक्त होऊन त्या मुलीसह कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे गेल्या आणि १८९० मध्ये ही कथा लिहिली. 'अटलांटिक मंथली'च्या संपादकांनी ती परत केली. आपल्याला ती वाचून जे क्लेश झाले ते वाचकांना दिले तर स्वतःला क्षमा करता येणार नाही, असे त्यांनी कळवले. पुढे कित्येक वर्षे ती भयकथा म्हणूनच वाचली गेली. १८९८ च्या 'विमेन अँड इकॉनॉमिक्स'ने बाईंना कीर्ती दिली. तरी त्यांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. कृष्णवर्णीयांविषयी त्यांनी १९०८ मध्ये मांडलेले विचार वाचले की मन खट्टू होते. भिंतीमागची एक बाई दिसली म्हणून सगळ्याच भिंती दिसतात असे नाही. १९३५ मध्ये त्या वारल्या. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसने ही कथा स्वतंत्र पुस्तकरूपाने काढली, तेव्हा कुठे ती स्त्रीजीवनाची कथा म्हणून सर्वत्र वाचली जाऊ लागली.

ती लिहिली कोणासाठी, हे १९१३ मध्ये बाईंनी आपल्या 'फोररनर' मासिकात सांगितले. कथेची एक प्रत त्यांनी मिचेल यांना पाठवली होती. पोच आली नाही. पुढे डॉक्टरांनी उपचार बदलल्याचे आपण ऐकले, असेही त्या लिहितात. अभ्यासकांना तसा पुरावा मिळालेला नाही. दुसरी गोष्ट त्या सांगतात ती अशी, की त्यांच्यासारख्याच आजारात सापडलेल्या एका स्त्रीच्या घरच्यांनी ही कथा वाचली, ते घाबरले आणि त्यांनी तिला पुन्हा नेहमीच्या कामाला लागू दिले. ती बरी झाली.